दुपारच्या उजेडातला हिरवा

कारखान्यातली वीज गेली, शेड जुळवायच्या खोलीत काम उरलं नाही, म्हणून मी दुपारी घरी आलो. घडलं ते एवढंच. पण दुपारी घरी येणं माझ्या आयुष्यात बसत नाही. मी उजाडता उजाडता निघतो आणि परततो तेव्हा जिन्यातले दिवे लागलेले असतात. स्वतःच्याच घराचं दार दुपारी उघडताना उगाच चोरट्यासारखं वाटलं. किल्ली हळू फिरवली. बायको न्हाणीघरात कपडे आपटत होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, आतल्या खोलीत खुर्चीतच डुलक्या घेत होते. खिडकीचा जाड पडदा कधी नव्हे तो बाजूला सारलेला होता. पिंजऱ्यात आमचा पोपट माझ्याकडे पाठ करून उन्हात बसला होता. तो बोलत नसे, नुसता मान वाकडी करून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवी, म्हणून अप्पांनी त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. मी खिशातली किल्ली खिशातच घट्ट धरून उभा राहिलो, कारण साहेबांच्या मानेवर एक पट्टा होता. हिरव्यावर हिरवा. दुसऱ्या कुणाला तो दिसला नसता. पण मी रंगाच्या कारखान्यात दिवसभर हेच करतो. कुणी पडद्याचा तुकडा आणतं, कुणी भिंतीचा पोपडा, आणि म्हणतं, अगदी याच रंगाचा रंग करून द्या. दोन हिरवे ट्यूबलाइटखाली जुळे भाऊ दिसतात आणि उन्हात नेले की एकमेकांना ओळखही देत नाहीत, हे मला भाकरीसारखं माहीत आहे. साहेबांच्या मानेवरचा हिरवा पिसांचा नव्हता. तो कुणीतरी लावला होता.

मी आल्या पावली परत फिरलो. का फिरलो ते मला धड सांगता येणार नाही. हाक मारायची, विचारायचं, हे सोपं होतं. पण मला विचारायची सवय नाही. विचारलं की माणसं उत्तर देतात, आणि उत्तर दिलं की ते खरं का खोटं हे नव्याने बघावं लागतं. त्यापेक्षा आपण गप्प राहावं आणि बघत राहावं. दार तितक्याच हळू ओढून घेतलं, खाली उतरलो, समोरच्या चहाच्या दुकानात बसलो आणि स्वतःच्या खिडकीकडे परक्यासारखा बघत राहिलो. थोड्या वेळाने बायकोचा हात दिसला. पडदा ओढला गेला. मनात पाल चुकचुकली ती तिथे. कारण त्या पडद्याचं कारण मला सांगितलेलं होतं. अप्पांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही, असं ती गेलं वर्षभर म्हणत होती. सुट्टीच्या दिवशीही पडदा ओढलेलाच, आणि पिंजऱ्यावर एक जुनी चादर, तीही का, तर साहेबांना दुपारची झोप लागते. मी सगळं ऐकून घेतलं होतं. मी, जो दूधवाल्याचं माप डोळ्यांत तेल घालून बघतो, तो घरातल्या पडद्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. उजेड सोसत नव्हता तो अप्पांच्या डोळ्यांना नव्हे, साहेबांच्या मानेला.

साहेब आमच्याकडे आले ते मेहुण्याच्या हातून, बुटाच्या खोक्यात. खोक्याला भोकं पाडलेली होती आणि मेहुण्याच्या तोंडावर ते नेहमीचं हसू होतं, जे बघितलं की मी पाकीट चाचपतो. पिल्लू होतं तेव्हा, नुसतं हिरवं, डोकं मोठं, पिसं विस्कटलेली. मी पहिलाच प्रश्न टाकला, "रानातला पकडलेला नाही ना? आपल्याकडचे पोपट पाळायला बंदी आहे." मेहुणा म्हणाला, "छे हो, परदेशी जात आहे. याला कंठ येतच नाही. देशी असता तर गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ आली असती." त्याने हे इतक्या झटकन सांगितलं की पाठ केलेलं वाटलं. पण पिल्लाला कंठ नव्हता ही गोष्ट खरी होती, आणि अप्पांनी तोवर खोक्यात बोट घातलं होतं. आई गेल्यापासून त्यांनी आपणहून कशाला हात लावलेला मी बघितला नव्हता. मी खोकं ठेवून घेतलं.

पुढे, गेल्या वर्षी, खालच्या मजल्यावर एक प्रकरण झालं. गाण्याचे मास्तर आहेत खाली, त्यांच्याकडे देशी पोपट होता, चांगला कंठवाला, जुना. कुणीतरी तक्रार केली. वनखात्याची माणसं जिना चढून आली आणि पिंजरा घेऊन गेली. मास्तरांना दंड झाला, वर भरल्या जिन्यात ऐकून घ्यावं लागलं की हा पक्षी सरकारचाही नाही, तुमचाही नाही, रानाचा आहे. एक पिल्लू पिंजऱ्यात पोचतं तेव्हा वाटेत चार मरतात. मास्तर मान खाली घालून उभे होते. त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यात कुणी कुणाकडे सरळ बघत नव्हतं. तक्रार कुणी केली? मी केली नव्हती, पण मास्तर मला बघून दार लावून घेत, आणि मला त्याचा राग येण्याऐवजी कौतुकच वाटे, माणसाने असंच सावध असावं. त्या संध्याकाळी जेवताना मी मोठ्या आवाजात म्हणालो होतो, "आपला परदेशी आहे म्हणून बरं. देशी निघाला असता तर मी स्वतः त्याच दिवशी नेऊन दिला असता. माझ्या घरात कायद्याबाहेरचं काही चालणार नाही." बायको वाढता वाढता थांबली होती. अप्पा ताटाकडे बघत होते. चहाच्या दुकानात बसल्या बसल्या मला ते दोघांचं थांबणं पुन्हा दिसलं, आणि आता त्याचा अर्थही कळला असं वाटलं. साहेबांना कंठ फुटायला लागला होता. त्यांना ते माहीत होतं. मला नव्हतं.

चहाच्या दुकानातून उठून मी संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी गेलो, नेहमीसारखी चप्पल काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या घरात नाटक केलं. "आलास का?" अप्पांनी आतून विचारलं. हेही गेल्या वर्षभरातलंच. त्याआधी ते विचारत नसत. अप्पा पाट्या रंगवत. गावातल्या अर्ध्या दुकानांची नावं त्यांच्या हातची होती, आणि प्रत्येक अक्षराच्या शेवटी कुंचला उचलताना ते अशी एक बारीकशी कड सोडत की पाटीखाली सही करायची गरज पडत नसे. मी रंगाच्या कारखान्यात लागलो तेव्हा ते म्हणाले होते, "डबे भरणाऱ्यांत गेलास." मग छापील पाट्या आल्या आणि त्यांचं काम गेलं. छापील पाट्या काही मी आणल्या नव्हत्या, पण त्यांनी मला पलीकडच्या बाजूला धरलं ते धरलंच. आमच्यात भांडण असं झालं नाही. नुसतं बोलणं आटलं. मग गेल्या वर्षी ते अचानक गोड झाले. आलास का, चहा घेतलास का, आज कुठला रंग केलास. मला वाटलं, काहीतरी हवंय. माझ्या नावावरचं घर धाकट्या बहिणीच्या नावावर करून हवं असेल. मी सगळी कागदपत्रं कपाटातून काढून बँकेत नेऊन ठेवली. बायकोही बदलली होती, चहा देताना उगाच खांद्यावर हात ठेवी. तेव्हा मी तिच्या फोनकडे लक्ष ठेवायला लागलो. आता हे सगळं एका धाग्यात ओवलं गेलं. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायची होती, म्हणून हा गोडवा होता. ट्यूबलाइटच्या उजेडात मी तिघांकडे बघितलं. साहेबांची मान हिरवीगार, एकसारखी, बेमालूम. अप्पा हसतमुख. बायको भाजी वाढतेय. सगळं जुळत होतं, आणि त्या जुळण्याचाच मला संताप येत होता.

सकाळी निघताना पिंजऱ्याखालच्या कागदावरून हिरव्या रंगाची एक खपली मी रुमालात घेतली. अशा खपल्या तिथे बऱ्याच होत्या. चोचीने पिसं विंचरताना साहेब त्या काढत असणार. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसले होते. हल्ली त्यांची नजर कुणावर नसे, हेही तेव्हा लक्षात आलं आणि तेव्हाच मागे पडलं, कारण माझं डोकं खपलीत होतं. कारखान्यात आमच्याकडे एक पेटी असते, आत वेगवेगळे दिवे, नमुना ठेवायचा आणि उजेड बदलून बघायचा. खपली ठेवली, ट्यूबचा उजेड लावला, मग उन्हाचा. आणि ओळखली. आपण लिहिलेलं अक्षर आपण ओळखतो तशी. ती शेड माझी होती. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने परत पाठवलेली. दुकानात जुळते, अंगणात जुळत नाही, अशी तक्रार करून. तिची एक लहान बाटली मी घरी नेली होती, सुट्टीच्या दिवशी आतल्या खिडकीच्या उन्हात धरून बघायला, कारण त्या खिडकीइतका स्वच्छ उजेड कारखान्यात नाही. बाटली पिंजऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. मग गिऱ्हाइकाने तक्रार मागे घेतली आणि मी ती विसरून गेलो. नंतर ती दिसली नाही तेव्हा वाटलं, बायकोने आवरून टाकली असेल.

म्हणजे रंग माझा, बाटली माझी, घर माझ्या नावावर. उद्या कुणी तक्रार केली तर वनखातं कुणाला धरणार? मेहुण्याचं ते पाठ केलेलं वाक्य आठवलं. त्याने आणून द्यायचा, हिने लपवायचा, आणि अडकायचं मी. हे आता लिहिताना हास्यास्पद दिसतं, पण त्या पेटीसमोर उभा असताना मला ते अगदी ढळढळीत दिसत होतं. मी मुकादमाला दाताचं दुखणं सांगितलं आणि भर दुपारी पुन्हा घरी निघालो. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य बायकोला, दुसरं अप्पांना, तिसरं मेहुण्याला फोनवर. खालच्या जिन्यात मास्तरांनी मला बघून दार लावलं. मी वर गेलो, किल्ली फिरवली, चप्पल न काढता आतल्या खोलीत शिरलो.

पडदा उघडा होता. बायकोने साहेबांना टॉवेलात गुंडाळून धरलं होतं, नुसती मान बाहेर. अप्पा खुर्ची पुढे ओढून बसले होते, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात त्यांचा सगळ्यांत बारीक कुंचला. ज्या हाताने चहाची बशी धरवत नाही, तो हात स्थिर होता. हिरव्याच्या खालून काळी रेघ आणि तिच्यामागे गुलाबी पट्टा डोकावत होता, आणि अप्पा त्यावरून शांतपणे कुंचला फिरवत होते. शेवटाला त्यांनी तो उचलला आणि ती बारीक कड सोडली. मी दारात उभा. आता दचकतील, टॉवेल सुटेल, बाटली सांडेल, अशी मी वाट बघत होतो.

कुणी दचकलं नाही. बायकोने मान वर केली आणि म्हणाली, "बरं झालं आलात. हात धुऊन या आणि याला धरा जरा. माझी बोटं फोडलीत याने."

"बाटली तळाला गेली रे," अप्पा म्हणाले, माझ्याकडे न बघता. "पुढची आणून ठेव आता. हीच शेड. तुझी नजर पक्की आहे, हे मी हिला पहिल्याच दिवशी म्हणालो होतो."

मी हात धुवायला गेलो. नळ सोडला आणि पाण्याकडे बघत उभा राहिलो. अप्पांनी माझ्या नजरेला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. ते काय म्हणाले हे कळायला त्यामुळेच जास्त वेळ लागला. त्यांना वाटत होतं बाटली मी ठेवली. जेवताना मी तो कायदा बजावला, आणि त्यानंतरच्याच सुट्टीला पिंजऱ्याशेजारी हिरव्या रंगाची बाटली न बोलता ठेवून दिली. तोंडाने नाही म्हणणारा, पण हाताने हो म्हणणारा मुलगा. बाप पाट्या रंगवणारा आहे, त्याला बाटलीचा अर्थ सांगावा लागत नाही. वर्षभराचं आलास का, चहा घेतलास का, सगळं त्या बाटलीतून आलेलं. खांद्यावरचा हातही. ते मला फसवत नव्हते, पडद्याची सबब शेजाऱ्यांसाठी होती. ते मला आपल्यातला समजत होते. मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असा काही आनंद झाला की तो कुणाला दिसू नये म्हणून तोंडावर पाणी मारलं.

मग मी साहेबांना धरलं, आणि आनंद संपला. टॉवेलात काही वजनच नव्हतं. छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागलं. चोचीच्या कडेला हिरवं होतं, जिभेवरही असावं. मानेवर पिसं होती तिथे रंग, नव्हती तिथे लालभडक कातडी. त्याचं काळीज टॉवेलातूनही बोटांना लागेल इतकं भराभर उडत होतं. त्या हिरव्यात काय काय घालतात ते मला माहीत आहे, मीच घालतो. ते भिंतीवर लावायचं असतं, पोटात जायचं नसतं. हा पक्षी वर्षभर रोज थोडा थोडा माझा रंग खात होता.

"किती दिवस असा अंग फुगवून बसतोय?" मी विचारलं.

"मोसम बदललाय ना," बायको म्हणाली. "डॉक्टरकडे न्यायचा तर ते पहिल्यांदा मानच बघणार."

"अप्पा, हा रंग याच्या पोटात जातोय. असाच लावत राहिलो तर हा जगणार नाही."

कुंचला हवेत थांबला. आणि आता हाताला कंप सुटला, आधी बोटांना, मग मनगटाला. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पण तू ठेवलीस म्हणून मी लावला," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. बाप मुलाला विचारत होता की हे असं कसं.

मला खरं सांगता आलं असतं. मी ठेवली नव्हती, विसरलो होतो, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगता येईल इतकं ते खरं होतं. मग वर्षभराचं ते सगळंही मी विसरलेल्या बाटलीएवढंच उरलं असतं, आणि रंग लावण्याचा दोष एकट्या त्यांच्या हातावर आला असता. मी साहेबांच्या मानेकडे बघत म्हणालो, "हो. मी ठेवली. मला कळायला हवं होतं. चुकलं माझं."

अप्पांनी कुंचला पाण्यात बुडवला आणि कितीतरी वेळ नुसता धूत राहिले. "कुठे नेशील?" त्यांनी विचारलं.

"पक्ष्यांचं शुश्रूषा केंद्र आहे. आपणहून नेला तर दंड करत नाहीत म्हणे. बरा झाला तर रानात सोडतील."

"उडता येतं का पण याला?"

"शिकवतात म्हणे."

"आजच ने," ते म्हणाले. "उद्या मला नाही जमायचं."

केंद्रातल्या बाईंनी साहेबांना वजनकाट्यावर ठेवलं, तोंडाने चक् असा आवाज केला आणि कापसाने मान पुसायला सुरुवात केली. हिरवा हळूहळू मऊ पडला. काळी रेघ निघाली, मग गुलाबी पट्टा निघाला, फिका, पण सुरेख. त्याच्या मालकीची ती एकच शोभेची गोष्ट आम्ही वर्षभर झाकून ठेवली होती. "कुणी रंगवलाय?" बाईंनी विचारलं. "मी," म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, असं की मास्तर जिन्यात मान खाली घालून का उभे होते ते मला कळलं. "जगेल का?" बायकोने विचारलं. बाई म्हणाल्या, "आणलात म्हणून कदाचित. उशीर केलात." त्यांनी साहेबांना आत नेलं. साहेबांनी मान वाकडी करून आमच्याकडे वगैरे काही बघितलं नाही.

रिकामा पिंजरा घेऊन आम्ही उन्हातून बसच्या थांब्याकडे चाललो होतो. बायको म्हणाली, "ती बाटली तुम्ही विसरला होतात."

मी थांबलो.

"मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही असलं काही करणार नाही. पण अप्पा दोन दिवस जेवले नव्हते, तुमच्या त्या बोलण्यानंतर. आणि बाटली तिथेच होती. मीच त्यांना म्हटलं, बघा, तोंडाने बोलतात, पण ठेवून गेले की नाही. रंगाचं पोटात जाईल हे मला नाही सुचलं. ते पाप माझं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. भर दुपारचं ऊन होतं. इतक्या वर्षांत या उजेडात मी तिला क्वचितच बघितलं असेल. डोळ्यांखाली काळं होतं, बोटांना चिकटपट्ट्या होत्या. खरं बोलत होती, का मी अप्पांसाठी खोटं बोललो म्हणून माझ्यासाठी हे रचत होती, मला ठरवता येईना. "मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं कधी? तुम्ही संशय घेता. विचारत कुठे?" ती म्हणाली, आणि बस आली म्हणून पुढे झाली.

घरी अप्पा खिडकीपाशी बसले होते. पडदा पूर्ण उघडा होता. फळी पुसलेली, बाटली नव्हती. मी पिंजरा कोपऱ्यात ठेवला तेव्हा त्यांनी तिकडे बघितलं नाही.

"विचारलं का त्यांनी, कुणी रंगवला?"

"विचारलं."

"मग?"

"मी म्हणालो, मी."

ते म्हणाले, "तुझा हात नाही तसा," आणि हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मी शेजारी स्टूल ओढून बसलो.

"उद्या दुपारी येशील?" त्यांनी विचारलं.

"का? काय काम आहे?" सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मनात लगेच घर, बहीण, कागदपत्रं.

"काही नाही. असंच."

असंच या शब्दावर मी आजवर कधी विश्वास ठेवलेला नाही. ऊन त्यांच्या हातावर पडलं होतं आणि नखांच्या कडांना थोडा हिरवा राहून गेला होता.

"येतो," मी म्हणालो.